कोऱ्या पानावर सही करू नका

(मुंबईत मरोळ येथे, वऱ्हाड-मराठवाड्यातून कामासाठी गेलेल्या शेतकरी कुटुंबांच्या बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी छापत आहोत.)



आज मी भावाचे बोलणार नाही. कापसाची खरेदी, ज्वारीचे घटत चाललेले क्षेत्र, हे सगळे जिल्ह्याच्या बैठकीत होतेच. इथे मरोळला तुम्ही जमला आहात ते निराळ्या कारणाने. कोरडवाहू शेतीने ज्यांना बारा महिने पोसले नाही ती तुम्ही माणसे. कोणी बांधकामावर आहे, कोणी एमआयडीसीत, कोणी घरकामाला जाते. हे मरोळही एके काळी भाताचे गाव होते. गावठाण अजून आहे, शेत मात्र शोधावे लागते. तुमची काही पोरे इथल्या महापालिकेच्या शाळेत जातात, काही गावाकडे आजीपाशी राहून जिल्हा परिषदेच्या शाळेत. एका घराच्या दोन शाळा. या दोन्ही शाळांत आपला हक्क किती आणि आपण तो किती वापरतो, एवढाच आजचा विषय आहे.

कापसाची गाडी केंद्रावर लावली की आपण काय करतो ते आठवा. ग्रेडर ओलावा मोजतो. ८ टक्क्यांच्या वर गेला की दर कापतो, १२ च्या वर गेला की माल परत. आपला माणूस त्या यंत्रावरून नजर हटवत नाही. वजनकाट्यावर दोन किलो कमी भरले तर भांडण काढतो, आणि काढायलाच पाहिजे. तोच माणूस घरी येतो. मुख्याध्यापकांनी पाठवलेले पोरगे रजिस्टर घेऊन दारात उभे असते, "आबा, सरांनी सही मागितली." आबा चहाची बशी खाली ठेवतात आणि पान न वाचता सही करतात. आबा शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहेत.

एका गावात मी असे ठरावबुक पाहिले आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्याच्यासारखी गावे पुष्कळ आहेत. वर्षाच्या बारा बैठका, सगळ्या एकाच पेनाने, एकाच अक्षरात. त्यातली एक बैठक पोळ्याच्या दिवशी सकाळी अकरा वाजता झाली होती. त्या दिवशी त्या वेळेला अध्यक्ष बैलांना अंघोळ घालत होते आणि सचिव स्वतःच्या गावी गेले होते. कागदावर मात्र दोघांनी मिळून शाळेच्या विकासावर सविस्तर चर्चा केली होती.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे २१ वे कलम सांगते की सरकारी आणि स्थानिक संस्थेच्या प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती असली पाहिजे. तिच्यात चारातले तीन हिस्से सभासद पालक असले पाहिजेत. निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. महाराष्ट्रात जून २०१० च्या शासन निर्णयाने ही समिती १२ ते १६ जणांची ठरली. अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक सचिव, मुदत दोन वर्षे, बैठक दर महिन्याला. पालकांची निवड पालकसभेत करायची, सरपंचाच्या ओट्यावर नाही. शाळेचे काम नीट चालते का ते बघणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि आलेला पैसा कसा खर्च झाला ते तपासणे, ही या समितीची कामे.

खाजगी अनुदानित शाळेत ही समिती फक्त सल्ला देऊ शकते. विनाअनुदानित शाळेला तर हे कलमच लागू नाही. गंमत बघा, जिथे आपण कर्ज काढून फी भरतो तिथे कारभारात आपल्याला जागा नाही, आणि जिथे फी नाही तिथे चारातले तीन हिस्से आपले आहेत. तरी आपले लोक म्हणतात, फुकटच्या शाळेत आपण काय बोलायचे.

फुकटची? शेतकऱ्याच्या पोराची शाळा कधी फुकट होती ते मला दाखवा. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा कर बसला. त्याचा एक तृतीयांश शाळांसाठी होता. तो भरणारा कोण? शेतसारा भरणारा. त्या फंडाच्या कमिटीचा प्रमुख कोण? कलेक्टर. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले, त्यात हाच हिशेब मांडला आहे. तिजोरीत पैसा रयतेच्या घामाचा येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या वरच्या शिक्षणावर, असे त्यांचे म्हणणे होते. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शक्य तितके मास्तर शेतकरी वर्गातून तयार करा, वेळ आली तर नांगर धरणारे असू द्या, असे त्यांनी इंग्रज सरकारला सुनावले.

पुढे राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळात ते योग्यच होते. पण त्यात पालक म्हणजे ज्याला दंड करायचा तो माणूस. स्वातंत्र्यानंतर जिल्हा परिषदा आल्या, शाळा त्यांच्याकडे गेल्या. पैसा पुन्हा आपलाच. १९६२ च्या कायद्याने नगदी पिकांखालच्या जमिनीवर शिक्षण कर आला आणि शहरातल्या घरांवरही आला. इथे मुंबईत मालमत्ता कराच्या बिलात तो असतो. तुम्ही म्हणाल, आमच्या नावावर बिल नाही. खोलीच्या मालकाच्या नावावर आहे आणि तो ते तुमच्या भाड्यातून भरतो. दंड भरणाऱ्या बापापासून समितीच्या खुर्चीवर बसलेल्या बापापर्यंत यायला ९३ वर्षे लागली, आणि त्या खुर्चीवर बसून आपण कोऱ्या पानावर सही करतो.

समितीत बसलेल्या माणसाने नेमके काय बघायचे, असे मला नेहमी विचारतात. आम्हाला शिक्षणातले काय कळते, असेही म्हणतात. पोत्याचा हिशेब तर कळतो ना? मग पोत्यापासून सुरू करू.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आहे, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. पाचवीपर्यंतची ४० मुले जेवली तर दिवसाला ४ किलो. महिन्यात शाळा २४ दिवस भरली तर ९६ किलो. म्हणजे ५० किलोचे दोन कट्टे उघडले आणि ४ किलो शिल्लक. आता हजेरीपट उघडा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत ४० पैकी ३० च मुले येत असतील तर ७२ किलो लागतील आणि २८ किलो शिल्लक दिसले पाहिजेत. नोंदवहीत रोज ४० जेवली असे लिहिले असेल तर विचारा, ही दहा मुले कुठे जेवली? यात शिक्षणशास्त्र नाही, सालदाराच्या ज्वारीचा हिशेब आहे तसाच हा हिशेब आहे. आपली बाई हा हिशेब तोंडी करते. म्हणून निम्म्या बायका समितीत आहेत ते दयेने नाही, त्यांच्याइतके धान्य कोणाला कळत नाही म्हणून, असे मी समजतो. मुंबईच्या शाळांत अन्न बाहेरून शिजून येते, तेव्हा इथे तांदूळ मोजता येणार नाही, पण डबा उघडल्यावर चव बघता येते. वाढण्याआधी मोठ्या माणसांनी, त्यात किमान एका शिक्षकाने, अन्न चाखायचे असा नियमच आहे. त्या चाखणाऱ्यांत समितीतल्या आईने पाळीने जावे.

मग पैशाकडे या. समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाला एकत्रित अनुदान असते. पट ३० पर्यंत असेल तर १० हजार, ३१ ते १०० असेल तर २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, अशा मर्यादा आहेत. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. रक्कम लहान आहे. हातपंपाचा वॉशर, फळ्याचा रंग, खडू आणि विजेचे बिल यात ती संपते. पण लहान म्हणून सोडायची नाही. पावत्या बैठकीत टेबलावर ठेवायला सांगा. मुलींच्या संडासाला कडी आहे का, आत पाणी आहे का, हे समितीतल्या बाईने स्वतः आत जाऊन बघावे. सहावी-सातवीची मुलगी शाळा का सोडते याची कारणे आपण फार लांब शोधतो.

तिसरी गोष्ट, पोराला काय येते ती. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपले काय केले ते कोणी विसरलेले नाही. बाहेरून बोंड हिरवेगार, फोडले तर आत सरकी खाल्लेली. तेव्हापासून आपण कामगंध सापळे लावायला शिकलो. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली, बोंड फुटेपर्यंत थांबायचे नाही. पोराचेही तसेच आहे. निकालपत्रक बाहेरून हिरवे असते. दहावीला गेल्यावर कळते की वजाबाकी आतून खाल्लेली आहे. याच मुंबईच्या वस्त्यांत १९९०च्या दशकाच्या मध्यावर 'प्रथम' या संस्थेने काम सुरू केले. २००५ पासून त्यांची मंडळी देशभर 'असर' नावाची पाहणी करतात. पद्धत इतकी साधी आहे की ओसरीवर बसून करता येते. दुसरीच्या पातळीचा एक उतारा वाचायला द्यायचा, हातच्याची एक वजाबाकी, एक भागाकार. पाचवीच्या मुलाला ते येत नसेल तर ते समितीच्या बैठकीत सांगायचे. मास्तरांना शिव्या द्यायला नव्हे. किती मुलांना येत नाही, त्यांच्यासाठी रोजचा कोणता तास ठेवणार, एवढे ठरवून लिहून घ्यायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बघायचे.

मास्तरांचा विषय निघाला की गावात दोन तट पडतात, म्हणून त्यावर थोडे जास्त बोलतो. काही कार्यकर्ते म्हणतात, समितीला शिक्षक नेमायचा आणि काढायचा अधिकार द्या, मग बघा कसे सरळ होतात. हे करून बघितलेले आहे. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर नावाचा देश आहे. तिथे यादवी युद्धात खेडी उजाड झाली होती. १९९१ पासून तिथे एज्युको नावाची योजना आली. खेड्यातल्या पालकांच्या मंडळाने शिक्षक एका वर्षाच्या कराराने नेमायचा, पसंत नसेल तर पुढच्या वर्षी काढायचा. जिथे शाळा पोहोचली नव्हती तिथे शाळा पोहोचली हे खरे. पण शिक्षक सालगड्यासारखा दर वर्षी टांगणीला. २००९ नंतर नवे सरकार आले आणि ती योजना गुंडाळली गेली. आपल्या शेजारी मध्य प्रदेशाने १९९७ मध्ये शिक्षण हमी योजना काढली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीत ४० मुले असली, आदिवासी भागात २५, आणि गावाने मागणी केली, की ९० दिवसांत शाळा द्यायची. गुरुजी गावानेच सुचवायचा. यातली मागणीची आणि मुदतीची बाजू मला फार आवडते, कमी पगाराच्या गुरुजीची बाजू आवडत नाही. ज्याचे स्वतःचे घर कंत्राटावर आहे तो आपल्या पोराला निर्धास्त होऊन काय शिकवणार? शिवाय आपली गावे आपल्याला माहीत आहेत. नेमणूक समितीच्या हातात आली की ती सोसायटीच्या निवडणुकीसारखी होईल.

म्हणून माझे मत असे आहे की नेमणूक मागू नका, हजेरी धरा. शिक्षक वेळेवर येतात का, पूर्ण वेळ शिकवतात का, हे बघायला समितीला कोणाची परवानगी लागत नाही. आणि दुसरी बाजूही धरा. कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच बाहेरची कामे लावता येतात. "सर कुठे आहेत" विचारले की "माहिती भरायला तालुक्याला" असे उत्तर वारंवार येत असेल, तर तसा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे पाठवा. तो ठराव मास्तरांच्या बाजूचा असेल आणि तुमच्या पोराच्याही. एकदा असे झाले की मास्तर स्वतः बैठकीची वेळ विचारायला येतात.

बैठकीच्या वेळेवरून आठवले. समितीची बैठक बहुतेक ठिकाणी सकाळी अकराला, शाळेच्या वेळात असते. गावाकडे निंदणी-खुरपणी चालू आहे, इथे बाई चार घरची धुणीभांडी करते. ती आली तर रोज बुडतो, नाही आली तर "पालकांना आस्था नाही" असे लिहिले जाते. आस्था नाही असे लिहिणाऱ्याचा पगार त्या दिवशी कापला जात नाही. बैठक संध्याकाळी घ्या, किंवा ज्या दिवशी कामाला सुट्टी त्या दिवशी घ्या, असा पहिला ठराव करा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, तेव्हा पेरणीची घाई असते. पालकसभा त्या आठवड्यात लावली तर कोण येणार? पेरणी उरकल्यावरची तारीख मागा आणि दोन वर्षांनी समिती नव्याने होते तेव्हा त्या तारखेवर डोळा ठेवा.

आता मरोळपुरते बोलतो. महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात आणि एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमे असतात, त्यामुळे आपल्या पोराची शाळा नेमकी कोणती आणि तिची समिती कोणती, हे आधी विचारून घ्या. दिवाळीनंतर गावाहून आलेल्या मुलाला "आता वर्ष संपत आले, जूनमध्ये या" असे कोणी सांगितले तर ते कायद्याला धरून नाही. शाळा सुरू झाल्यावरही प्रवेश नाकारता येत नाही. दाखला यायला उशीर झाला म्हणून नाकारता येत नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही. स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य म्हणून कायद्यात वेगळे लिहिले आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचे ऐका. समितीवर यायला तुमचे नाव इथल्या मतदारयादीत असावे, रेशनकार्ड मुंबईचे असावे, असे कायद्यात कुठेही नाही. मूल त्या शाळेच्या पटावर आहे, तुम्ही त्याचे पालक आहात, एवढे पुरे. नगरसेवकाच्या निवडणुकीत तुम्हाला मत नसेल, पण पालकसभेत आहे. गावाकडे आजी नातवाला सांभाळते, तीही कायद्याने पालकच. तिचे नाव समितीत सुचवायला लाजू नका. हिशेब तिला मुख्याध्यापकापेक्षा चांगला येतो.

आपल्या बीडकडच्या ऊसतोड्यांचे उदाहरण तुमच्या उपयोगाचे आहे. दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्यावर जातात ते उन्हाळ्यात परततात. पोरे बरोबर गेली की शाळा सुटली. तिथे हंगामी वसतिगृहांची सोय आली. पोर गावातच नातेवाइकाकडे राहते, जेवणाची व्यवस्था शाळेमार्फत होते, आणि ती चालवण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीकडे असते. जिथे समिती जिवंत तिथे पोर गावात टिकते. जिथे समिती रजिस्टरात आहे तिथे जेवणही रजिस्टरातच शिजते. कापूस वेचून झाल्यावर जानेवारीत जी गावे रिकामी होतात त्यांनी ही मागणी आपापल्या तालुक्यात का करू नये?

शेवटचा मुद्दा शाळा बंद होण्याचा. २०१७ च्या शेवटी दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय निघाला. २०२३ च्या सप्टेंबरात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा राज्यात १४ हजारांवर निघाल्या. आपण गाव सोडतो, पट पडतो, शाळा जाते, आणि शाळा गेली म्हणून मागे राहिलेलेही गाव सोडतात. हे चक्र तुम्हाला मी सांगायला नको. लहान शाळा प्रत्येक ठिकाणी टिकलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. चार मुले आणि एक मास्तर यात मुलांचे भलेच आहे असे म्हणवत नाही. पण ते गावाने बसून ठरवावे. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, असे अंतर नियमात आहे. मधे नाला आहे, पावसाळ्यात पूल नाही, हे मंत्रालयाच्या नकाशावर दिसत नाही. ते शाळेच्या विकास आराखड्यात लिहिलेले असेल तर दाखवता येते. कायदा म्हणतो, अनुदान आणि नियोजन याच आराखड्यावरून करायचे. केंद्राच्या नमुना नियमांत आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तो तयार करायचा आहे, म्हणजे डिसेंबरअखेर. पुढच्या तीन वर्षांत किती मुले येणार, किती शिक्षक लागणार, खोली, पाणी, कुंपण, सगळे त्यात आले. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हा नियम आहे, एक कमी असेल तर तेही लिहा. तक्रार लेखी दिली तर स्थानिक संस्थेला तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. पोच घ्यायला विसरू नका.

बैठक संपल्यावर ज्यांना इथल्या शाळेत प्रवेशाचा अर्ज लिहून हवा आहे त्यांनी या बाजूला बसावे. गावाकडच्या शाळेचे नाव, केंद्र, तालुका आणि मूल कितवीत होते एवढे सांगा. ज्यांचे कोणी गावाकडे समितीवर आहे त्यांनी आज रात्री फोन करून एकच गोष्ट विचारावी, मागची बैठक कोणत्या तारखेला झाली आणि त्या दिवशी तुम्ही कुठे होतात.